पोळ्यातला मध आणि आपली काकवी



या अंकात उसाचे न लिहिता मधाचे लिहितो आहोत, त्याला कारण घडले आहे. गेल्या काही महिन्यांत गट ऑफिसला येणारे सभासद लागवडीची नोंद झाली की उठता उठता विचारतात, "साहेब, त्या पोळ्याच्या मधाचं कुठवर आलं?" चारपाच जणांनी पेट्या आणल्याही आहेत. त्यातल्या एकाने आम्हाला बांधावर गाठून सरळच विचारले, "सवलतीची साखर घरात पडून हाय. पाक करून पेटीला लावला तर पोळं लवकर भरंल का न्हाई?"

भरेल. लवकर भरेल. पण या उत्तराने काम भागत नाही. पोळ्याचा मध कसा तयार होतो ते आधी पाहावे लागेल, आणि आम्ही स्वतः कुठे फसलो तेही सांगावे लागेल.

पोळ्याचा मध म्हणजे यंत्रात फिरवून न काढलेला मध. माशीने मेणाच्या घरात भरून वर झाकण घातले, तसाच मेणासकट कापून दिलेला. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. बांधावरच्या बाभळीचे फुलोरी माशीचे पोळे फांदीसकट आणून, फांदीभोवतीचा मधाचा भाग चावून चावून खाऊन मेण थुंकून टाकणे हे आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. त्यात पोळे मोडते, पिले मरतात आणि वसाहत उठून जाते. पेटीत मात्र पिलांचे घर खाली व मधाचे घर वर असे दोन मजले असतात. वरचा मजला आपला, खालचा माशीचा.

हे जमले ते एका बारीक निरीक्षणामुळे. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली पाहिले की माशी आपल्या येण्याजाण्यापुरती साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट मोकळी सोडते. फट त्याहून कमी असली तर ती राळेने बुजवते, जास्त असली तर तिथे पोळे बांधते. एवढे अंतर सांभाळून पेटीत चौकटी टांगल्या की त्या चिकटत नाहीत, हव्या तेव्हा बाहेर काढता येतात. पुढे १८६५ साली ह्रुश्का यांनी पोळे न मोडता मध काढण्याचे फिरते यंत्र केले. त्याने मध मुबलक झाला, तशी भेसळही सोपी झाली. अमेरिकेच्या बाजारात पातळ मधात ग्लुकोजचा पाक मिसळण्याचा सुळसुळाट झाला, गिऱ्हाईकाचा बाटलीवरचा विश्वास उडाला आणि लोक पोळ्यातलाच मध मागू लागले. सव्वाचार इंची लाकडी चौकटीत माशीकडूनच भरून घेतलेला मध तिकडे हातोहात खपे. इलिनॉय प्रांतातील मॅरेंगो गावच्या डॉ. मिलर यांनी वैद्यकी सोडून आयुष्यभर हाच धंदा केला. १९०६ साली तिथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला, बाटलीवरचा विश्वास हळूहळू परत बसला आणि चौकटीच्या मधाचे दिवस ओसरले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की आपल्याकडेही काहीसे तसेच घडले आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट' या संस्थेने बाजारातील नामांकित मधांतही साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हापासून शहरातला माणूस बाटली उलटी-सुलटी करून पाहतो आणि पोळ्याचा तुकडा दिसला की निर्धास्तपणे घेतो. पोळ्यात भेसळ करता येत नाही, अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा संबंध थेट आपल्या ऊसपट्ट्याशी आहे.

आमची फजिती

पहिल्या वर्षी आम्ही युरोपियन माशीच्या, म्हणजे मेलिफेराच्या, दहा पेट्या आणून गट ऑफिसच्या मागे नारळाखाली ठेवल्या. महिना डिसेंबरचा, गळीत हंगाम ऐन भरात. कारखाना तिथून दीड किलोमीटर, आणि ओढ्यापलीकडे दोन गुऱ्हाळे चालू. आजूबाजूला नजर पोहोचेल तिथवर ऊस. सूर्यफूल नाही, करंज नाही, कांद्याचे बी नाही. असे असूनही पेट्यांचे वजन दिवसागणिक वाढत होते. तिथेच आमच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण भरलेली पेटी पाहून कुणाला शंका येते? वजनकाट्यावर उसाची गाडी अपेक्षेपेक्षा जड भरली तर शेतकरी काय तक्रार करतो? तसेच आमचे झाले. गुऱ्हाळवाल्याने एकदा निरोप पाठवला होता की कढईत रोज मूठमूठ माशा पडतात, गुळव्या झाऱ्याने काढून काढून दमला. आम्ही ते आग्या माशीवर ढकलले आणि गप्प बसलो.

जानेवारीत मजले उतरवले. पोळे देखणे, वरची झाकणे पांढरी. बत्तीस डबे भरले. महिला बचत गटाने ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विकायला ठेवले आणि दोन तासांत संपवले. गटाची पहिलीच मोठी विक्री, बायका खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळवाल्याची म्हातारी आई डबा पदराखाली घेऊन गट ऑफिसला आली. आम्ही म्हटले, "या आजी, बसा. आणखी मध हवा का?" तिने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लेकरा, ह्यो मध न्हवं. ही माझ्याच कढईतली काकवी हाय. ऐंशी वरसं खातीया, मला का वळखू येऊ न्हाई?"

आम्ही चमच्याने चाखले. खरेच होते. गोड होता, पण फुलाचा वास नाही. मागून येतो तो उकळत्या रसाचा, किंचित करपट वास. इतके दिवस आम्हाला तो जाणवला नाही, कारण हंगामात आपल्या सगळ्या परिसरालाच तो वास असतो.

नमुना तपासून घेतला, त्यातही तेच निघाले. बचत गटाच्या बायकांनी घरोघर जाऊन पैसे परत केले. काही घरांनी डबा परत दिला, काहींनी आधीच खाल्ला होता, पैसे मात्र सगळ्यांनाच दिले. ती भरपाई आम्ही केली हे खरे. पण गावात "गटाचा मध म्हणजे काकवी" असा शब्द निघाला तो काही पैशाने परत घेता आला नाही. पुढच्या वर्षी चांगला मध निघाला तरी त्याच बायकांना डबा विकताना शपथा घ्याव्या लागल्या.

याचे शास्त्र सरळ आहे. माशीला गोडाशी मतलब. फूल नसेल तर ती गुऱ्हाळ, गव्हाण, मळीची टाकी, रसवंती कुठेही जाते, रस उचलते, पोटातल्या रसायनाने साखर फोडते, पंखाने आटवते आणि घरात भरून झाकते. उसाला तुरा येतो, पण ते शेवटी गवत. तुऱ्यात मकरंद नाही. त्यामुळे उसाच्या फडात ठेवलेली पेटी हंगामात जे गोड आणील ते उसाच्या कांड्यातले असण्याचीच शक्यता जास्त. झाकण तितकेच पांढरे, मेण तितकेच शुद्ध, आत मात्र मध नाही.

माशीने साखर फोडलेली असल्याने ही लबाडी साध्या तपासणीत सहसा सापडत नाही. पण ऊस स्वतःची खूण सोडत नाही. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही पिके हवेतला कार्बन ज्या पद्धतीने घेतात तिला शास्त्रात सी-४ पद्धत म्हणतात. मकरंद देणाऱ्या बहुतेक झाडांची पद्धत वेगळी, सी-३. दोन्हींत जड कार्बनचे प्रमाण वेगळे पडते आणि ते यंत्रावर मोजता येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकाप्रमाणे मधात सी-४ साखर ७ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पाण्याचा अंशही २० टक्क्यांच्या वर चालत नाही. तेव्हा साखर आपण घातली की माशीने गुऱ्हाळातून आणली, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. आणि आजीच्या जिभेलाही नाही.

पेटी कधी, कुठे

म्हणून आमचा पहिला नियम: बॉयलर पेटला की पोळ्याच्या मधाचा मजला पेटीवर ठेवायचा नाही. गाळप बंद झाल्यावर ठेवायचा, नाहीतर पेटी फुलांकडे न्यायची.

आपल्या भागात मोकळे असे दोन काळ सापडतात. एक मार्चअखेर ते मे. या काळात करंज, जांभूळ आणि कडुनिंब फुलतात. ओढ्याच्या काठाने करंजाची रांग असेल तर ती सोन्याची समजावी. दुसरा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा, गव्हाणीची पूजा होईपर्यंत. तेव्हा तीळ, कारळा आणि बोरी असतात. हा काळ अपुरा असतो, पाऊस लांबला तर हातचा जातो. यावर भरवसा ठेवू नये असे आमचे मत आहे.

खोडवा मोडून फेरपालटाला सूर्यफूल घेणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. सूर्यफुलावर माशी भरपूर मध करते आणि बीही चांगले भरते, पण त्याचा मध लवकर रवाळ होतो. बाटलीतला मध रवाळ झाला तर कोमट पाण्यात ठेवून पातळ करता येतो. पोळ्यातला कसा करणार? मेण आधी वितळेल. तेव्हा सूर्यफुलाचा मध यंत्रानेच काढावा.

मेलिफेरा दोन-तीन किलोमीटरवर सहज चारा शोधते. तेव्हा चालू गुऱ्हाळापासून पेटी निदान पाच किलोमीटर दूर हवी. कोल्हापूरकडे काही गुऱ्हाळे कारखाना बंद झाल्यावरही चालतात, तिकडच्या सभासदांनी नुसते कारखान्याचे वेळापत्रक पाहून चालणार नाही. पेट्या रात्री हलवाव्यात, दार जाळीने बंद करून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या पाचटाचा थर देऊन चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील अशा ठेवल्या तर पोळी मोडत नाहीत.

दाटी आणि फूट

आता खरी मेख. पोळ्याचा मध मिळवायचा म्हणजे माशीला एकाच वेळी दोन कामे करायला लावायची, मेण गाळायचे आणि मध भरायचा. एक किलो मेण तयार करायला माशी सहा ते आठ किलो मध खाते असे मानतात. यंत्राने मध काढला की रिकामे पोळे परत देता येते. इथे पोळेच विकतो, म्हणून दर वेळी नवे घर बांधून घ्यावे लागते. त्यामुळे मध कमी निघणार हे धरून चालावे. ज्याला वजन हवे त्याने यंत्र घ्यावे. पोळ्याच्या धंद्यात वजन कमी आणि भाव जास्त.

मेण गाळतात त्या साधारण बारा ते अठरा दिवसांच्या तरुण कामकरी माशा, आणि त्यांना दाटी व ऊब लागते. अशक्त पेटीवर मजला चढवला तर तो महिनाभर तसाच कोरा राहतो, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून फुलोऱ्याच्या आधी दीड महिना वसाहत वाढवायची. राणी त्याच वर्षाची असावी. पिलांची दोन घरे भरली की बरे. मग करंजाला कळ्या दिसू लागल्या की रोज पेटी उघडून चौकटींच्या वरच्या पट्ट्या पाहाव्यात. पट्टीवर चुन्याचे बोट फिरवल्यासारखे नवे पांढरे मेण दिसले की मकरंद सुरू झाला. त्याच दिवशी दोन घरांचे एक करावे. उत्तम झाकलेली पिले व राणी एका घरात ठेवावी, उरलेल्या चौकटींवरच्या माशा त्यातच झटकाव्यात, आणि उघडी पिले असलेल्या चौकटी शेजारच्या कमजोर पेट्यांना द्याव्यात. वर लगेच मधाचा मजला. माशीला खाली जागा उरत नाही, ती वर चढते.

पण दाटी झाली की वसाहत फुटायला बघते. राणीची घरे बांधते आणि एका सकाळी अर्ध्या माशा जुन्या राणीला घेऊन उडून जातात. गेल्या त्या नेमक्या काम करणाऱ्या. मागे उरलेल्या मजला भरत नाहीत. पोळ्याच्या मधाचे सारे कसब या दोन टोकांच्या मध्ये आहे. दाटी इतकी हवी की माशी वर चढेल, आणि इतकी नको की घर सोडेल. पाणी देताना जसे वाफसा ओळखावा लागतो तसेच हे. पुस्तकात वाचून कळत नाही, हात बसावा लागतो.

तरी एक पक्के सांगतो. मजला असेपर्यंत सातव्या दिवशी पिलाघर तपासायचेच. राणीचे घर अंडे घातल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास झाकले जाते आणि तेवढ्यातच थवा निघतो, म्हणून दहाव्या दिवसाची तपासणी म्हणजे तोडणी झाल्यावर फड बघायला जाण्यासारखे. प्रत्येक चौकटीवरच्या माशा झटकून पाहावे. माशांच्या झुबक्याखाली एक राणीघर राहिले तरी बाकीची मोडल्याचा उपयोग नाही. आमच्या एका तरुण ओव्हरसिअरने वरवर पाहून "सगळं ठीक" असा शेरा वहीत लिहिला आणि चौथ्या दिवशी थवा शाळेच्या घंटेवर जाऊन बसला. मुलांना सुट्टी मिळाली, आमचा मजला गेला. एकदा मोडून पुन्हा राणीघरे बांधली तर मात्र हट्ट करू नये. राणी दोन चौकटींसह वेगळ्या पेटीत काढावी, आठ दिवसांनी मूळ पेटीतली एक सोडून सगळी राणीघरे मोडावीत.

मजल्याची मांडणी

मधाच्या चौकटीत पातळ मेणपत्रा लावावा, तार लावू नये. पहिल्या वर्षी आम्ही पिलाघराचेच तारेचे पत्रे वर दिले आणि कापताना सुरी दर वेळी तारेला अडून पोळ्याचा चिखल झाला. पत्रा महाग वाटला तर वरच्या पट्टीला बोटभर रुंदीची पट्टी लावली तरी माशी खाली बांधत जाते. पेटी आडवी अगदी समपातळीत हवी, कारण माशी ओळंब्याने बांधते. पेटी कलली तर पोळे चौकटीबाहेर जाते. गवंड्याची लेव्हल लावून पाहावी, अंदाज चालत नाही.

राणी वर जाऊन अंडी घालू नये म्हणून मध्ये राणीजाळी घालावी. काही माशा जाळीतून वर जायला कुरकुरतात. अशा वेळी मजल्याच्या मध्यभागी जुन्या बांधलेल्या पोळ्याची एक चौकट आमिष म्हणून द्यावी. ती चौकट विकायची नाही. कडेच्या चौकटी मागे राहतात, त्या आठवड्याने मध्ये घ्याव्यात. पहिला मजला निम्म्याच्या वर भरला की दुसरा द्यावा. मात्र फुलोरा उतरणीला लागल्यावर नवा मजला देणे म्हणजे अर्धवट भरलेल्या तुकड्यांची रास हाताशी येणे. त्या वेळी हात आवरावा.

एप्रिलमध्ये ऊन चाळिशीला जाते. नवे मेण कोवळे असते, मधाच्या वजनाने पोळे खचून पडते. पेट्या सावलीत, वर उसाच्या वाढ्यांचे आच्छादन, आणि जवळ पाण्याचे पसरट भांडे, त्यात माशांना बसायला खडे. शेजारच्याने फवारणी ठरवली असेल तर ती सूर्यास्तानंतर करण्याची विनंती आधीच करावी. मजला असताना पेटीत गोचिडीवरचे कोणतेही औषध ठेवू नये, ते मेणात उतरते.

सातेरी पाळणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. सातेरीची घरे लहान, तिला मेलिफेराचा मेणपत्रा चालत नाही, तिचा वेगळा मिळतो. तिला वर सांगितल्याइतकी दाटी सोसत नाही, त्रास झाला की ती सगळीच उठून जाते. तिच्या मधात पाणी जास्त राहते, म्हणून झाकण पूर्ण झाल्याशिवाय पोळे कापू नये, नाहीतर आंबते. पण घाटाकडच्या गावांत सातेरीच बरी. महाबळेश्वर भागात जांभूळ आणि हिरड्याच्या मधाची परंपरा तिच्याच जोरावर आहे, आणि त्या तालुक्यातले मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

काढणी

झाकणे पुरी झाली की चौकट एक दिवसही जास्त ठेवू नये. माशा वरून चालून चालून पांढरे झाकण पिवळे करतात आणि भाव पडतो. काढताना धूर कमीत कमी करावा. धुराने माशी घाबरून झाकण फोडते व मध पिऊ लागते, मग प्रत्येक फोडलेल्या घरातून मध पाझरतो. आदल्या संध्याकाळी मजल्याखाली एकतर्फी वाटेची फळी घालावी. रात्रीतून माशा खाली उतरतात, वर परत येता येत नाही. सकाळी मजला उचलून लगेच बंद खोलीत न्यावा. उघड्यावर कापायला बसला तर अर्ध्या तासात गावभरच्या माशा लुटायला येतात.

कापलेले तुकडे जाळीवर रात्रभर निथळू द्यावेत, मग वजन करून डब्यात भरावेत. आणि डबा विकण्यापूर्वी उणे १८ अंशाला चोवीस तास गोठवावा, कारण मेणकिड्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. न गोठवलेल्या एका डब्यात पंधरा दिवसांनी अळ्यांची जाळी निघाली, ती ज्यांच्या घरी निघाली ते आमचे व्याहीच होते, म्हणून प्रकरण घरातच मिटले. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरा पडत नाही. आम्ही बाजारपेठेतल्या आईस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर रात्रीपुरता मागून घेतो. डबा आधी बंद करून मग गोठवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पोळ्यावर पाणी धरते.

आणखी एक. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडे रीत आहे. एक वर्षाच्या आतील मुलाला कोणताही मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात. शुद्ध मधातही क्वचित असे जंतू असतात जे तान्ह्याला सोसत नाहीत. डब्यावर ही सूचना जरूर लिहावी.

साखरेच्या पाकाचे

आता त्या बांधावरच्या प्रश्नाकडे येऊ. साखर माशीला द्यावी का? द्यावी. जून ते ऑगस्ट फूल नसते, पाऊस पडत असतो, तेव्हा पाक दिला नाही तर वसाहत उपाशी मरते किंवा उठून जाते. एक भाग स्वच्छ पांढरी साखर, एक भाग पाणी, संध्याकाळी आणि पेटीच्या आत. गूळ, काकवी किंवा मळी कधीही देऊ नये, माशांना हगवण लागते. सवलतीच्या साखरेचा हा उपयोग आम्हाला मंजूर आहे.

पण हा पाक पिलाघरात साठलेला असताना वर मजला ठेवला, तर राणीला अंडी घालायला जागा हवी म्हणून माशा तोच साठा उचलून वर नेतात. म्हणजे तुम्ही मनात लबाडी न धरताही तुमच्या पोळ्यात साखर जाते. म्हणून पाक बंद केल्यावर पिलाघरातला साठा संपत आल्याची खात्री करावी, उरलेल्या पाकाच्या चौकटी काढून दुसऱ्या पेटीला द्याव्यात, मगच मजला. आणि मजला असताना पाक? त्या सभासदाला आम्ही असे विचारले, "तुमच्या उसाच्या मोळीत कुणी दगड बांधून काट्यावर आणला तर तुम्ही काय म्हणाल?" ते हसले, पण म्हणाले, "साहेब, दगड दिसतो तरी. ह्ये कुणाला दिसतंय?" आम्ही त्यांना गुऱ्हाळवाल्या आजीचे घर दाखवले.

या मार्चला गाळप संपल्यावर ओढ्याकाठच्या करंजांखाली ठेवण्यासाठी आमच्याकडे पंधरा पेट्यांची जागा मोजून ठेवली आहे. ज्या सभासदांना आपली पेटी तिथे ठेवायची असेल त्यांनी जानेवारीअखेर गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे, म्हणजे वसाहत वाढवायला वेळ मिळेल. ज्यांनी अजून पेटी हाताळलेली नाही त्यांनी आधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाची चौकशी करावी. फेब्रुवारीत एका रविवारी आमच्या पेट्या उघडून दाखवू, दिवस गट ऑफिसच्या फळ्यावर लिहू. येताना गडद रंगाचे किंवा लोकरीचे कपडे घालू नयेत आणि अत्तर लावू नये.